भूमीआजोबांची पायरी

तैपेई
२४ मे

प्रिय आत्या,

तुझ्या पेइ-रोंगचा नमस्कार. तू बसने पाठवलेला पानातला भात काल पोचला. ड्रायव्हरकाकांनी पिशवी हातात देताना विचारलं, "आत दगड भरलेत का गं?" खोलीतल्या आम्ही चौघींनी होड्यांच्या सणाला सहा दिवस असतानाच अर्धा संपवला. शेंगदाणे भरपूर आणि मांस बेताचं, म्हणजे शेजारच्या मावशींकडून बांधून न घेता तू स्वतः बांधलेला, हे मी पहिल्या घासाला ओळखलं. गुडघा कसा आहे? मलम लावतेस की नुसतीच टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघतेस?

आता भांडण. माझं मागचं पत्र तू पुन्हा माईकवर वाचलंस ना? मला सगळं कळतं. सरपंच म्हणून तुला खांबाखांबावर भोंगे दिलेत ते पाणी कधी बंद राहणार आणि कुत्र्यांना लस कधी टोचणार हे सांगायला. भाचीच्या टाचेला फोड आलेत आणि वसतिगृहातलं सूप पाणचट असतं, हे अख्ख्या निउकेंग गावाला ऐकवायला नाही. चहाच्या मळ्यातल्या बायका म्हणे पानं खुडता खुडता माझ्या टाचेची चौकशी करतात. हे पत्र वाचू नकोस. निदान हे तरी.

इकडे सगळं ठीक. माझा आपल्या गावच्या पुराचा नकाशा भूगोल विभागाच्या भिंतीवर चौकटीत लावलाय. को सर पहिल्या वर्षाच्या मुलांना त्याच्यासमोर उभं करून म्हणतात, "बुटांना चिखल लागला की असा नकाशा निघतो." चार वर्षांपूर्वी मी भूगोल घेतला तेव्हा तूच म्हणाली होतीस, "चार वर्षं डोंगरांची नावं पाठ करून शेवटी टॅक्सी चालवणार का?" आणि आता तोच नकाशा तालुक्याच्या कचेरीने घेतला, त्यावरून पुराच्या वेळी कुणी कुठे जायचं हे ठरलं, आणि तू तो पत्र्यावर रंगवून नव्या हॉलच्या दारात लावणार. वाचून फार बरं वाटलं.

सभेतली गंमतही वाचली. खालच्या वस्तीची एकतीस घरं वादळात हॉलमध्ये न्यायची असं तू सांगितलंस, तेव्हा आ-मान आजी उठून म्हणाली, "तिथे तर पाणी आलं होतं." आणि तू म्हणालीस, "आजी, हा विद्यापीठाचा नकाशा आहे, बसा खाली." सगळे हसले म्हणे. मीही हसले. आजी त्र्याऐंशीची झाली, जावयाला मुलाच्या नावाने हाक मारते, हे तू लिहिलंस ते खरंच आहे. पण मोठा पूर जाणत्या वयात डोळ्यांनी बघितलेली माणसं गावात आता मोजकीच उरलीत, आणि तिचं घर ओढ्याला सगळ्यांत जवळ, तेव्हा तिला असं सगळ्यांसमोर गप्प करायला नको होतं. एवढंच.

आणि फलक रंगवायची घाई करू नकोस. मला अक्षरं एकदा तपासायची आहेत.

तुझी
पेइ-रोंग


तैपेई
९ जून

प्रिय आत्या,

नमस्कार. तेराला पदवीच्या समारंभाला तू येणार, त्यासाठी केस कुरळे करून घेतलेस, हे ड्रायव्हरकाकांकडून कळलं. म्हणाले, "तुझी आत्या आता टीव्हीवरच्या बाईसारखी दिसते, फक्त आवाज तोच आहे, भोंग्याचा." झगा भाड्याने आणलाय. मला खांद्यात ढगळ होतो.

फलक रंगवून झाला, असं तू फोनवर म्हणालीस. मी थांब म्हटलं होतं.

फोनवर मला नीट बोलता येत नाही. इकडे माझ्यामागे सात जणी रांगेत उभ्या, तिकडे तुझ्या कचेरीत बांबूचे कोंब सोलत बसलेल्या चार मावश्या. म्हणून लिहिते. हे पत्र माईकवर वाचायचं नाही. तुला माझी शपथ आहे.

आमच्या विभागात नकाशांची एक खोली आहे. तिथे जपान्यांच्या काळातले मोजणीचे नकाशे आहेत. परवा सहज आपल्या खोऱ्याचा कागद काढला. ओढा, पायवाटा, घरांचे ठिपके, सगळं बरोबर बसतं. फक्त गावराखणदार भूमीआजोबांच्या देवळाची खूण आताच्या रस्त्यालगत नाही. ती वर आहे. चहाच्या कारखान्याकडे जाणाऱ्या चढावर, जिथे आता नुसतं बांबूचं बन आहे. मोजणीदाराची चूक असेल. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीचा परका माणूस, डासांनी फोडून काढलेला, कुठेतरी खूण मारून मोकळा झाला असेल.

पण तुला विचारावंसं वाटलं. माझ्या नकाशातली पुराची रेघ सगळी त्या देवळावर उभी आहे. आपल्याकडे सगळे एकच सांगतात, पाणी भूमीआजोबांच्या पायरीला लागलं आणि तिथून मागे फिरलं. जानेवारीत आपण दोघींनी ती पायरी मोजली. तू पट्टी धरलीस, मी दुर्बिणीतून आकडा वाचला. ओढ्याच्या तळापासून सात मीटर. हॉलची फरशी नऊ मीटरवर आहे. म्हणून हॉल सुरक्षित.

मोठ्या पुराच्या वर्षी देऊळ कुठे होतं, आत्या? तू तेव्हा पाच वर्षांची असशील. पण नंतर कधी ते हलवलं असेल तर तुला माहीत असणार.

उत्तर दोन ओळींचं दिलंस तरी चालेल.

तुझी
पेइ-रोंग


तैपेई
११ जुलै, सकाळ

आत्या,

हे पत्र मी सकाळच्या बसने ड्रायव्हरकाकांच्या हाती देते आहे. दुपारी दोनपर्यंत तुला मिळेल. रेडिओ तूही ऐकला असशील. वादळ समुद्रावर आहे आणि सोमवारपर्यंत आपल्याकडे पोचेल असं सांगतात. मी आज सातला फोन केला होता. "देऊळ" हा शब्द तोंडातून निघाला आणि तू फोन ठेवलास. पुन्हा लावला, तर तो लागतच नव्हता. म्हणून लिहिते, आणि यावेळी काही राखून न ठेवता लिहिते.

आधी माझं.

मागच्या पत्रात मी "परवा" नकाशा काढला असं लिहिलं. ते खोटं होतं. तो कागद मी मार्चमध्ये बघितला होता. प्रकल्प द्यायला अकरा दिवस होते. टेबलावर माझा नकाशा जवळजवळ पुरा झालेला, समोच्च रेषा शाईने काढून झालेल्या, आणि त्या जुन्या कागदावर देवळाची खूण वर, चढावर. मी कितीतरी वेळ बघत बसले. मग "मोजणीदार चुकला" असं स्वतःला सांगितलं आणि कागद खणात परत ठेवला. देऊळ खरंच वर असेल तर सगळी रेघ पुसून पुन्हा काढावी लागली असती, पुन्हा गावात येऊन मोजावं लागलं असतं. मला विभागाचं बक्षीस हवं होतं. तू एवढ्या बायकांसमोर माझ्या नावाने मिरवतेस, ते मला खोटं पाडायचं नव्हतं. तोंडी परीक्षेत को सरांनी विचारलं, "हा देवळाचा बिंदू जुन्या नकाशाशी ताडून बघितलास ना?" मी म्हणाले, "हो सर."

एवढंच म्हणाले. दोन शब्द.

मग तुझं पत्र आलं, सभेचं. आजी उठून बोलली आणि तिला माझ्या नकाशाने खाली बसवलं. तेव्हापासून मला नीट झोप नाही.

समारंभाला तू आलीस. गुलाबी जाकीट, कुरळे केस, हातात टोपलीभर लीची. दिवसभर आपण सगळ्यावर बोललो. झग्यावर, लीचीवर, को सरांच्या टकलावर. देवळावर नाही. तू बसमध्ये चढताना मीच शेवटी विचारलं, "आत्या, माझ्या पत्राचं उत्तर?" तू पायरीवर उभी राहून म्हणालीस, "देऊळ आहे तिथेच होतं. आणि तुझ्या आजोबांना, माझ्या बाबांना, यात आणू नकोस."

आत्या, मी आजोबांचं नावही काढलं नव्हतं.

म्हणून मागच्या शनिवारी मी निउकेंगला येऊन गेले. होय. तुला न कळवता, पुलाच्या थांब्यावर उतरून, डोक्यावर टोपी ओढून. आयुष्यात पहिल्यांदा मी गावात आले आणि तुझ्या हातचं न जेवता परत गेले. बांबूच्या बनातून खाली जाताना भोंग्यातून तुझा आवाज आला. डासांच्या फवारणीची सूचना. "मुलांना आणि पिंजऱ्यातल्या पक्ष्यांना घरात घ्या हो, मग मला बोलू नका." मी तिथेच बसकण मारली आणि सूचना संपेपर्यंत उठले नाही. रडू आवरेना.

आ-मान आजी अंगणात कोंब सोलत होती. मला बघून म्हणाली, "आलीस होय, विद्यापीठाच्या बाई?"

मी विचारलं, "आजी, पाणी कुठवर आलं होतं?"

"जानेवारीत सांगितलं की. भूमीआजोबांच्या पायरीपर्यंत." आणि तिने हनुवटी वर केली, डोंगराच्या चढाकडे.

जानेवारीतही तिने तशीच हनुवटी वर केली होती. मला लख्ख आठवलं. चार वर्षं आम्हाला शिकवलं, माणूस जागा सांगताना कुठे बघतो ते बघा. मी तिचे शब्द वहीत उतरवले आणि हनुवटी सोडून दिली.

मी म्हणाले, "मग देऊळ हलवलं हे का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस पाणी कुठवर. देऊळ कुठे होतं, ते कुठे विचारलंस? आणि तुझ्या आजोबाची गोष्ट मी त्याच्या लेकीसमोर काढू? ती पट्टी घेऊन शेजारीच उभी होती."

कोयता घेऊन ती स्वतः माझ्यापुढे चढ चढली. त्र्याऐंशी वर्षांची. मला दोनदा थांबावं लागलं, तिला एकदाही नाही. वर नेच्याची झुडपं तोडून तिने मला दगडी चौथरा दाखवला, समोर तीन पायऱ्या. खालच्या पायरीवर हात ठेवून म्हणाली, "इथे. माझा नवरा म्हैस सोडायला मागे फिरला होता. सकाळी म्हैस इथे सापडली, मेलेली. तो नाही सापडला." मग खाली बोट दाखवून म्हणाली, "आता बघ तुझा हॉल."

मी बघितलं. हॉलच्या छपराची पन्हळ माझ्या डोळ्यांच्या खाली होती.

दुर्बीण काढून मोजलं, दोनदा. तेरा मीटर. म्हणजे त्या वर्षीचं पाणी आज आलं, तर हॉलच्या फरशीवर चार मीटर पाणी असेल. आत एकतीस घरांची माणसं असतील, आणि दारात माझा रंगवलेला नकाशा.

राहिलेली गोष्ट आजीने उतरताना सांगितली. पंचवीस वर्षांपूर्वी रस्ता झाला, म्हाताऱ्यांना चढ झेपेना, म्हणून देऊळ खाली रस्त्यालगत आणायचं ठरलं. त्या वर्षी पूजेचा मान आजोबांकडे होता. भूमीआजोबांची परवानगी घ्यायला त्यांनी लाकडी चंद्रकोरी टाकल्या. एक उताणी, एक पालथी पडली की होकार, आणि असा लागोपाठ तीनदा होकार लागतो. पहिल्यांदा होकार आला, दुसऱ्यांदा आला, तिसऱ्यांदा दोन्ही कोरी उताण्या पडल्या. म्हणजे देव हसला, उत्तर दिलं नाही. आजोबांनी चटकन हात फिरवून एक कोर उलटी केली आणि म्हणाले, "झालं, तीन." लोकांना फटाके वाजवायची घाई होती. ज्यांनी बघितलं ते गप्प बसले, आणि मग देऊळ हलवल्याचं कुणी बोलायचंच नाही, असा पायंडाच पडून गेला. आजी म्हणाली, "उदबत्त्या धरून तुझी आत्या युए-श्या उभी होती. एकोणीस वर्षांची. तिनेही बघितलं."

म्हणून जानेवारीत मी "पायरीवर पट्टी धर" म्हणाले, तेव्हा तू क्षणभर थांबलीस. मला वाटलं, गुडघा दुखतोय.

तुला सगळं कळत होतं का, आत्या? मला नाही वाटत. सात मीटर आणि तेरा मीटर हे गणित तुझं नव्हतं, माझं होतं. तू फक्त तुझ्या बापाची अब्रू झाकलीस. पण माझ्या पत्राला "आहे तिथेच होतं" असं उत्तर दिलंस, तेव्हा तुला कळलं होतं. त्याचा मला राग आहे. फार राग आहे. आणि तोच राग मला माझ्यावर आहे, कारण मार्चमध्ये मीही तेच केलं.

सोमवारी को सरांना सगळं सांगितलं. त्यांनी भिंतीवरची चौकट स्वतः काढली, नकाशा बाहेर घेऊन गुंडाळी केली, माझ्या हातात दिली. माझं प्रमाणपत्र थांबवलंय. प्रकल्प पुन्हा करायचा, म्हणजे आणखी एक वर्ष, आणि शाळेतली ठरलेली नोकरी गेली. दारातून निघताना एवढंच म्हणाले, "गावाला आधी सांग. गुणांचं मी बघतो." तालुक्याच्या कचेरीला मी त्याच दिवशी कळवलं. ते म्हणाले, सरपंचांकडून पत्र येऊ द्या, मग बघू.

म्हणजे सगळं तुझ्यापाशी येऊन थांबलंय. नऊ वर्षं खेटे घालून तू तो हॉल मिळवलास, हे मला माहीत आहे. माझ्या एका रेघेने तो वादळात निरुपयोगी होतो, हेही माहीत आहे.

आजवर प्रत्येक पत्रात मी म्हणत आले, माईकवर वाचू नकोस. आज उलटं मागते. खालचा मजकूर वाच. आजच, आणि दोनदा, कारण पहिल्यांदा लोकांना वाटेल की भाचीच्या टाचेची बातमी आहे.

"निउकेंगच्या सर्व मंडळींना, मी चिउ पेइ-रोंग, सरपंच युए-श्या यांची भाची. हॉलच्या दारात लावलेला पुराचा नकाशा चुकीचा आहे. तो मी काढला. भूमीआजोबांचं देऊळ मोठ्या पुराच्या वेळी वर चढावर होतं, हे मी नकाशात धरलं नाही, आणि नंतर कळूनही सांगितलं नाही. मोठ्या पुराचं पाणी आताच्या हॉलच्या छपराच्या उंचीपर्यंत आलं होतं. आ-मान आजी सभेत जे बोलल्या ते खरं होतं. त्यांची मी सगळ्यांसमोर माफी मागते. या वादळात खालच्या वस्तीतल्या कुणीही हॉलमध्ये जाऊ नये. चहाच्या कारखान्याच्या वाळवणीच्या शेडमध्ये जावं. मालकांशी मी बोलले आहे, शेड रविवारी दुपारपासून उघडी असेल. ज्यांना चालता येत नाही त्यांनी आजच नाव सांगावं, उद्या उजेड असताना त्यांना वर नेऊ."

इथपर्यंत वाचायचं. पुढचं फक्त तुझ्यासाठी.

आजोबांचं नाव मी त्यात घातलेलं नाही. चंद्रकोरींचं सांगायचं की नाही, ते तू ठरव. ती तुझी गोष्ट आहे, तुझ्या डोळ्यांनी बघितलेली. मला वाटतं, भूमीआजोबा त्या दिवशी हसले ते रागावून नव्हे. पण हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहिते आहे, मला त्यातलं काही कळत नाही.

मी एकच्या बसने निघते. तोंडाने सांगायला आले असते, तर तू मला मध्येच थांबवलं असतंस आणि मी थांबले असते. म्हणून पत्र पुढे पाठवलं. बस साडेपाचला दुकानापाशी थांबते. दुकानाच्या खांबावर भोंगा आहे, त्याचा आवाज पुलापासूनच ऐकू येतो. मी खिडकी उघडी ठेवून बसेन.

तो गप्प असला, तर मी उतरून एकेका घरी जाईन आणि स्वतः सांगेन. एकतीस घरं आहेत, रात्र होण्याआधी होतील. पण लोक नकाशावर विश्वास ठेवतात तसा तुझ्या आवाजावर ठेवतात, आणि मी तर त्यांच्यासाठी टाचेला फोड आलेली मुलगी आहे.

जानेवारीत पट्टी तू धरली होतीस आणि आकडा मी वाचला होता. आज मी आकडा लिहून पाठवते आहे. वाचशील ना?

पुलापासून कान देऊन येणारी,
तुझीच
पेइ-रोंग